सेल्फ कण्हतो? आधी अर्थिंग बघा

प्रश्न : माझी जुनी महिंद्रा फोर बाय फोर जीप आहे. नवी बॅटरी टाकली, तरी सेल्फ कण्हत फिरतो आणि हेडलाइट मिणमिणतात. काय करावे?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : बॅटरीवर आणखी पैसे घालू नका. परतीचा करंट चासी आणि पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे येतो. पण इंजिन रबरी माउंटिंगवर आणि बॉडी रबरी पॅडवर असते, म्हणून दोघांना स्वतंत्र अर्थिंग पट्टी लागते. ती गंजली की करंट आडवाट धरतो. कधी ॲक्सिलरेटरची केबलच तापते!

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट दिसला तर दुखणे तिथेच. हेडलाइट लावून बॉडीचेही तसेच मोजा.

कामाआधी मायनस काढा. बोल्टखालचा रंग, गंज घासून धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस लावा. बॅटरी ते इंजिन 35 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाका. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल चासीला ओल धरून राहतो. पावसाळा संपला की हे जोड पुन्हा एकदा उघडून बघा.