पानाएवढा पातोळा

बायो, यंदा गणपतीची चवथ तुझ्या ओरोसच्या बिऱ्हाडी, म्हणून काही गोष्टी आधीच कानावर घालते. घरचं गोड सोडायचं नाही. पातोळे नको म्हणणारी माणसं चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपवतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मात्र माप ठरवायचं ते चूल पेटवण्याआधी. वास घरभर सुटला की कुणाचा हात आवरत नाही.

पातोळ्यांपासून शीक. हळदीचं पान पावसाळ्यात मिळतं, तेव्हाच करावेत. पान लांब असेल तर मधोमध दोन तुकडे कर. तांदळाचं वाटण बोटांनी इतकं पातळ सारव की पानाच्या शिरा अंधुक दिसतील. जाड सारवलंस तर पानाचा वास आत मुरत नाही आणि पोटात उगाच दुप्पट जातं. अर्ध्या भागावर चुनाची, म्हणजे गूळ-खोबऱ्याच्या सारणाची, एकच ओळ घालून दुमड आणि वाफव. माणशी एक. खाणाऱ्याला पान स्वतः सोलू दे. गरम पान सोलताना वेळ जातो, तेवढ्यात दुसरा हवा की नको हे कळतं.

मोदकातही हाच चून असतो, त्याचं गणित पाठ कर. दीडशे ग्रॅम गुळात पंधरा मोदक झाले, तर एका मोदकात दहा ग्रॅम गूळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. गूळही त्यातच मोजायचा बरं, तो पौष्टिक म्हणून सुटत नाही. तीन मोदकांतच ती हद्द ओलांडली जाते, चहा वेगळा. म्हणून नारळ चांगला तयार झालेला घे, चुनात मिठाची कणी आणि वेलची घाल. गूळ थोडा कमी पडला तरी जिभेला कळत नाही. नैवेद्याचे एकवीस आधी बाजूला काढ, मग घरातली डोकी मोज. उरलेले त्याच दिवशी शेजारी पाठव.

शिरवाळे (तांदळाच्या शेवया) केलेस त्या दिवशी भात नको. ते जेवणच असतं, जेवणावरचं गोड नव्हे. सोबतचा नारळाचा गोड रस ताटात ओतू नकोस, लहान वाटीत दे, म्हणजे बुडवून खाताना बेतानेच लागतो. पिकल्या तवशाचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, मात्र थंड झाल्यावरच काप, गरम कापलं की तुकडे मोठे पडतात.

सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे, म्हणून त्यांना वेगळं बसवू नकोस. फार लागतं माणसाच्या मनाला. उसळ, भाजी आधी वाढ, भात कमी कर, कारण पातोळ्याचं आवरणही तांदळाचंच आहे, आणि मग एक पातोळा दे. त्यांच्या गोळीत बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.

आणि कचेरीत रोज कुणाची बढती, कुणाचा वाढदिवस. तिथे पेढा अर्धा मोडून घे, कुणी रागावत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेतला खाजा घरी आला की दोन-चार काड्या वाटीत काढ, पिशवीचं तोंड बांध आणि ती वरच्या फळीवर ठेव. पिशवी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचं नाही.