तांडा : एका शब्दाची आणि एका वस्तीची कुळकथा

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद या बाजूच्या एखाद्या मराठी शाळेचे हजेरीपत्रक उघडले, तर त्यात राठोड, पवार, चव्हाण आणि जाधव ही आडनावे ओळीने सापडतात. यांतील काही मुले गावातून येतात, काही तांड्यावरून. तांड्यावरची मुले शाळेत मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात आणि घरी गेली म्हणजे आपल्या आईला ‘याडी’ म्हणून हाक मारतात. ही हाक मराठी नव्हे आणि कन्नडही नव्हे. मग ही मंडळी मूळची कोठली? त्यांच्या पूर्वजांनी बखरी लिहून ठेवल्या नाहीत. ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांचा इतिहास कशावरून शोधावयाचा, हा प्रश्न आम्हांला नेहमी मोलाचा वाटत आला आहे. अशा वेळी हाती दोनच साधने उरतात : माणसांची नावे आणि त्यांची घरे. मात्र दोन्ही साधने जपून वापरावी लागतात.

प्रथम नावांकडे पाहू. आपण या समाजास बंजारा, लमाण अथवा लमाणी म्हणतो. तेलंगणात त्यांस लंबाडी म्हणतात. ‘बंजारा’ हा शब्द वाणिज्याशी जोडला जातो. ‘लमाण’ आणि ‘लंबाडी’ यांचे मूळ बहुतेक अभ्यासक ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दात पाहतात, कारण बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर पोचविणे हाच यांचा पिढीजात उद्योग होता. डॉ. श्रीराम लागू यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘लमाण’ हे नाव दिले, तेही इकडचा माल तिकडे पोचविणारा याच अर्थाने. (नामसाम्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो म्हणून सांगून ठेवतो : महाराष्ट्रातील वंजारी समाज हा यांहून निराळा.) पण ही सारी नावे इतरांनी दिलेली आहेत. लोकांनी बैलाच्या पाठीवरील ओझे पाहिले आणि त्यावरून बैलवाल्याचे नाव ठेवले. हे लोक स्वतःला ‘गोर’ म्हणवितात, आणि जो गोर नाही तो ‘कोर’. आपण वर्गात शेजारी बसलो तरी त्यांच्या बोलीत आपण ‘कोर’च, ही गंमत आमच्या बालवाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता आडनावे. राठोड आणि चव्हाण ही नावे ऐकली की कोणासही राजपुतान्याची आठवण व्हावी. तांड्यांतील जुनी माणसेही आपले मूळ मारवाडाकडे असल्याचे सांगतात. परंतु एवढ्यावरून निकाल देणे घाईचे होईल. पवार, चव्हाण आणि जाधव ही आडनावे मराठा घराण्यांतही आहेत, आणि म्हणून काही ती घराणी लमाण ठरत नाहीत. शिवाय सीमा ओलांडली की नावेही वेष पालटतात. इकडचा राठोड तेलंगणात ‘भुक्या’ असतो आणि जाधव ‘वडत्या’ होतो. आडनाव हे उसने घेता येते, बदलता येते, शाळेत नाव घालताना गुरुजींच्या लेखणीनेही पालटते.

नाव कसे फसविते याचे एक प्रसिद्ध उदाहरण युरोपात आहे. तेथील रोमा नावाच्या भटक्या लोकांस इंग्रज ‘जिप्सी’ म्हणू लागले, कारण ते इजिप्तमधून आले असा समज होता. शेकडो वर्षे हा समज टिकला. पुढे १७८२ मध्ये र्‍यूडिगर या जर्मन पंडिताने त्यांची भाषा तपासून ती हिंदुस्थानातील भाषांच्या कुळातील आहे हे दाखविले. नावाने मिसर देशाकडे बोट दाखविले होते, भाषेने सिंधू-गंगेकडे दाखविले. रोमा आणि बंजारे हे एकच लोक होत, असे आजकाल कोणी कोणी छातीठोकपणे सांगतात. दोघेही फिरस्ते आणि दोघांच्याही भाषा आर्यकुळातील, यापलीकडे त्याला भक्कम आधार आम्हांस दिसत नाही.

तोच भाषेचा कस आपल्या तांड्यास लावून पाहावा. मराठीत आपण ‘आहे’ म्हणतो, कन्नडात ‘इदे’, आणि गोरबोलीत ‘छ’. हा ‘छ’ गुजरातीच्या ‘छे’चा आणि जयपुराकडील बोलीतील ‘छै’चा सख्खा भाऊ आहे. सर जॉर्ज ग्रियर्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील भाषांची जी प्रचंड पाहणी प्रसिद्ध केली, तीत या बोलीचे नाते राजस्थानी आणि गुजराती यांच्याशी जोडले आहे. आडनाव एका पिढीत बदलता येते, परंतु ‘आहे’ या अर्थाचा शब्द कोणी मुद्दाम बदलीत नाही. तेव्हा वृद्धांच्या सांगण्यास आणि आडनावांच्या साक्षीस या एका अक्षराने बळकटी दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

यापुढे घरांकडे वळू, आणि त्यासाठी ‘तांडा’ या शब्दाचाच विचार करू. मराठीत आपण उंटांचा तांडा म्हणतो. तेथे तांडा म्हणजे चालता समूह. १६३२ मध्ये पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी आग्र्याहून पाटण्यास जात असता त्याला धान्याने लादलेल्या सुमारे १४,००० बैलांचा जथा भेटला. त्याने आपल्या टिपणात त्यास ‘तांडा’ असेच म्हटले असून बायकामुले, संसार सारे बरोबरच असल्याची नोंद केली आहे. त्याच शतकातील तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सांगतो की, या लोकांचे चार वर्ग असून एक धान्य, एक तांदूळ, एक डाळी आणि एक मीठ वाहतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी तांडा हे घर होते, आणि ते घर चालत होते.

दक्षिणेत मोगलांच्या मोहिमा सुरू झाल्या, १६५७ मध्ये बीदर आणि कल्याणी औरंगजेबाच्या हाती आली, आणि दख्खनेत उतरलेल्या अफाट फौजांना दाणागोटा पुरविण्यास तांड्यांवाचून दुसरे साधन नव्हते. पुढे इंग्रजांच्या फौजाही म्हैसूरच्या युद्धांत त्यांच्यावरच विसंबून होत्या. मग आगगाडी आली. १८७१ मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग कलबुर्गीवरून पुढे जाऊन रायचुरास मद्रासच्या मार्गास मिळाला, आणि जे ओझे बैल महिना महिना वाहत ते गाडी दोन दिवसांत पोचवू लागली. योगायोग असा की, त्याच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आरंभी उत्तरेपुरता होता, पुढे इतरत्र पसरला आणि फिरस्त्या जमातींवर चोरीचा शिक्का मारून गेला. स्वतंत्र भारताने तो १९५२ मध्ये रद्द केला. धंदा गेला आणि फिरणे संशयास्पद ठरले, तेव्हा बैल सोडून हे लोक माळावर थांबले. थांबले तरी वस्तीस नाव राहिले तांडाच.

आमच्या भागातील जुने गाव आणि तांडा एकाच दिवशी पाहून यावे. गावात दगडी भिंती, वर मातीचे धाबे किंवा शहाबादी फरशी, मध्ये चौक आणि गावाला वेस. तांडा गावापासून दूर, उंच माळरानावर. तेथे वेस नाही. घरे जुन्या काळी कुडाची आणि गवताने शाकारलेली असत, आता विटांची व पत्र्याची झाली आहेत. येथे एक चूक टाळली पाहिजे. गवताचे छप्पर ही गरिबीची खूण आहे, मूळ देशाची नव्हे. कोणाही गरिबाचे घर तसेच असते. खरी साक्ष मांडणीत आहे. मुक्कामाच्या तळाप्रमाणे घरे जवळजवळ, मध्ये मोकळी जागा, सेवालाल महाराजांचे आणि देवीचे ठाणे, आणि कारभार पाहणारा नाईक. गावांची नावे बहुधा दगड, झाड, पाणी किंवा देव यांवरून पडतात. खुद्द कलबुर्गीच्या नावात कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड आहे, असे सांगतात. तांड्याचे नाव मात्र बहुतेक वेळा अमुक नाईक तांडा असे असते. चालत्या समूहास जमिनीचे नाव कसे असणार? त्यास पुढाऱ्याचेच नाव असणार! आम्हांस तांड्याच्या इतिहासाचा याहून बोलका पुरावा दुसरा दिसत नाही.

हा इतिहास केवळ कुतूहलाचा विषय नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद व नारायणखेड आंध्रात गेले, उरलेला भाग म्हैसूरकडे आला. एकाच बोलीचे, एकाच गोताचे सोयरे तीन राज्यांत विभागले गेले. आज तेच लोक कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात. मामा एका यादीत, भाचा दुसऱ्या यादीत! बोली एकच, परंतु ती लिहिली जाते देवनागरीत, कन्नडात आणि तेलुगूत. सेवालाल महाराजांचे जन्मस्थान सूरगोंडनकोप्प कर्नाटकात आणि समाधी विदर्भातील पोहरादेवीस. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद १९६३ ते १९७५ अशी सलग वर्षे भूषविणारे वसंतराव नाईक याच समाजातील होते, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

आणखी एक अडचण होती. अनेक तांडे महसुली दप्तरात गाव म्हणून नोंदलेलेच नव्हते. दोन-तीन पिढ्या ज्या घरात जन्मल्या त्या घराचा उतारा मिळत नसे, आणि उताऱ्यावाचून कर्ज मिळत नाही व घरकुलही मिळत नाही. १९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे ५०,००० कुटुंबांना हक्कपत्रे देण्यात आली, आणि अशा सुमारे १,४७५ वस्त्यांना महसुली गावांचा दर्जा मिळाला. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची मान्यखेट राजधानी. शतकानुशतके चाललेल्या घरास जमिनीचा कागद तेथे मिळाला.

तरीही चालणे पुरते थांबलेले नाही. दसरा-दिवाळी आटोपली की तांड्यांवरील कितीतरी कुटुंबे ऊसतोडणीस किंवा पुण्या-मुंबईस बांधकामावर निघतात. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी उभी राहते आणि हंगाम संपताच मोडते. मागे तांड्यात म्हातारी माणसे राहतात, आणि ‘याडी’ म्हणून हाक मारणारी मुले आईबरोबर गेलेली असतात. आमच्या हजेरीपत्रकात त्या महिन्यांत राठोड, पवार, चव्हाण या नावांपुढे ओळीने ‘गैरहजर’ लिहावे लागते, आणि होळीच्या सुमारास ती नावे पुन्हा एकेक करून ‘हजर’ म्हणू लागतात.