पोलीस व्हायचे, तर समाजशास्त्र कशाला?

(द्वितीय वर्ष, कला)

पहाटे पाच वाजता गावाबाहेरच्या मैदानावर आम्ही दहा-बारा मुले-मुली धावतो. पोलीस भरतीसाठी मुलींना 800 मीटर, मुलांना 1600 मीटर; शिवाय 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. सराव आटोपला की मी एस.टी. धरून महाविद्यालयात येते. तेव्हा बरोबरची मुले हमखास विचारतात, "शिपाई व्हायला बारावी पुरते. मग तू बी.ए. कशाला करतेस?" आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. वडील शेतमजुरी करतात. त्यांनाही हाच प्रश्न पडतो, म्हणून त्याचे उत्तर नीट शोधावे असे वाटले.

पहिले उत्तर सोपे आहे. पोलीस उपनिरीक्षक पदाच्या सरळसेवा परीक्षेला पदवी लागते. ही परीक्षा लोकसेवा आयोग घेतो आणि निवड झालेल्यांना नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण मिळते. परंतु पदवी कोणत्याही विषयाची चालते. मग समाजशास्त्रच का?

मी नववीत असताना माझी आत्या नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार द्यायला ठाण्यात गेली होती. सोबत मी होते. टेबलावरचे साहेब म्हणाले, "नवरा-बायकोचं भांडण आहे. घरी जाऊन मिटवा." आम्ही परत आलो. वास्तविक 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशा स्त्रीला संरक्षण आदेशाचा आणि मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क आहे, हे तिला सांगणे पोलिसाचे कर्तव्य आहे. ते साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी आत्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. पण मारहाण ही घरातली बाब, ही समजूत त्यांनी कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, तर समाजातून घेतली होती. समाजशास्त्र शिकताना हे प्रथम ध्यानात आले. आणखी एक गोष्ट कळली. त्या दिवशी काही नोंद झाली नाही, म्हणजे आकडेवारीत तो गुन्हा घडलाच नाही! गुन्ह्यांचा आकडा कमी दिसतो तेव्हा गुन्हे कमी घडले की तक्रारी कमी लिहिल्या गेल्या, हे विचारायला हा विषय शिकवतो.

इतिहासाकडे वळू. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली पुढे कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. हा कायदा 1952 साली रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. कायदा गेला, पण संशय गेला नाही. गावात चोरी झाली की नजर आजही आधी पारध्यांच्या पालांकडे वळते. हा इतिहास ठाऊक असलेला पोलीस निदान पुरावा पाहीपर्यंत थांबेल.

मानसशास्त्राच्या तासाला समजलेला एक प्रयोग सांगते. 1974 साली अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता; काहींना विचारले, गाड्यांचा 'चुराडा झाला' तेव्हा किती होता. आठवड्याने सर्वांना फुटलेल्या काचा दिसल्या का, असे विचारले. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी 'चुराडा' ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी होकार दिला. 'धडकल्या' ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. प्रश्नातल्या एका शब्दाने साक्षीदाराची आठवण बदलते, तर जबाब घेणाऱ्याने किती जपून बोलले पाहिजे!

हे सारे पुस्तकी आहे, असे कोणी म्हणेल. त्याला भिवंडीचे उदाहरण द्यावेसे वाटते. 1970 आणि 1984 साली तेथे भीषण दंगली झाल्या. 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांबरोबर नियमित एकत्र बसू लागली. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा जवळची भिवंडी शांत राहिली. तेथे लाठीपेक्षा ओळखीने अधिक काम केले.

अर्थात, पदवीने माणूस प्रामाणिक होतोच असे नाही, आणि समाजशास्त्र वाचून 800 मीटर लवकर संपत नाहीत. पहाटेचा सराव करायलाच हवा. कमी शिकलेले कित्येक शिपाई अनुभवाने माणसे ओळखतात, हेही खरे. पण अनुभव चुकीचा असेल तर तो चुकीचा आहे हे दाखवायला अभ्यास लागतो.

उद्या मी त्या टेबलामागे बसले आणि एखादी बाई दारात घुटमळली, तर तिला खुर्ची आणि पाणी देऊन मी थांबणार नाही. तिची तक्रार लिहून घेईन. वडिलांना मी एवढेच सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या महिन्याच्या एस.टी. पासचे पैसे माझ्या हातावर ठेवले.