शेर्पा म्हणजे हमाल नव्हे

शेर्पा म्हणजे कोण, असे गेल्या वर्षी मला कोणी विचारले असते, तर 'हिमालयात ओझी वाहणारा हमाल' असे मी बेधडक सांगितले असते. भूगोलाच्या निमित्ताने ग्रंथालयात थोडे वाचन घडले आणि माझे उत्तर चुकीचे आहे हे कळले. शेर्पा हा धंदा नव्हे, ती एक जमात आहे. 'शर' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे लोक. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी हे लोक पूर्व तिबेटातून येऊन नेपाळच्या सोलुखुंबू भागात वसले. जव, बटाटा, याक आणि नांगपा ला या ५,७०० मीटरांहून उंच खिंडीतून तिबेटशी चालणारा व्यापार यांवर त्यांचा संसार चाले. शिखरे चढण्याची रीत त्यांच्यात नव्हती. पर्वत हे त्यांचे देव.

चढाई आली ती साहेबाबरोबर. कामाच्या शोधात दार्जिलिंगला गेलेल्या शेर्पांना इंग्रजांच्या मोहिमांवर घेतले जाऊ लागले. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमप्रपाताखाली सात भारवाहक गेले. साहेब एकही दगावला नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग हिलरींसह शिखरावर पोहोचले आणि जमातीचे नाव जगभर झाले. पुढे १९५९ नंतर तिबेटचा व्यापार आटला, प्रवासी येऊ लागले आणि पदभ्रमण हीच पुष्कळ घरांची शेती झाली.

अशा पदभ्रमणात शेर्पा वाटाड्या नेमके करतो काय? माझी समजूत होती की तो वाट दाखवतो. पण नामचेपर्यंतची वाट एवढी मळलेली आहे की ती दाखवावी लागत नाही. त्याचे खरे कसब माणसाला आवरण्यात आहे. ३,००० मीटरांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरांहून अधिक उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा नियम आहे. म्हणून ३,४४० मीटरांवरील नामचे बाजारला दोन रात्री काढतात. एव्हरेस्टच्या तळछावणीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. डोके ठणकले, ओकारी आली की वर न्यायचे नाही. आणि त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरवायचे. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला 'आता परत फिरा' असे सांगणे सोपे नसावे. आपल्यासारख्यांचे रक्त उंचीवर दाट होते. शेर्पांचे तितके होत नाही. हा गुण त्यांना वाडवडिलांकडून मिळालेला आहे.

आता ओझ्याचे. या वाटेवर पाठीवर ओझी घेऊन चालणारे पुष्कळ जण शेर्पा नसतातच. ते खालच्या टेकड्यांतील राई, तामांग, मगर असतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पुरुषांचे सरासरी ओझे स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भरले. या टेकडीवासीयांना उंचीची बाधा आपल्यासारखीच होते. सगळ्यांना सरसकट 'शेर्पा' म्हटले की हे झाकले जाते. 'यांना काय, सवयच आहे' म्हणायला आपण मोकळे! सवय असलेलेही मरतातच. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गेले. सरकारने आधी कुटुंबामागे ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पांनी त्या हंगामात पुढे चढायचे नाकारले.

हे सारे मी घरी सांगत होतो. माझे वडील बाजाराच्या आवारात हमाल आहेत; त्यांना शाळा फारशी लाभली नाही. कपाळावर 'नाम्लो' नावाचा पट्टा घेऊन पाठीवरचा 'डोको', म्हणजे बांबूची टोपली, पेलतात असे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. तेनसिंगबद्दल ते काही बोलले नाहीत. विचारले एवढेच, "ओझं खाली ठेवलं, तर परत उचलून कोण देतं त्यांना?"

त्याचे उत्तर मात्र पुस्तकात होते. ते ओझे खाली ठेवतच नाहीत. हातात 'तोक्मा' नावाची आखूड काठी असते. ती टोपलीखाली टेकवायची, उभ्यानेच दम घ्यायचा आणि निघायचे.