शिवराई घेताना

नगर

चि. भाचेबुवांस,

तुझं पत्र पोचलं, फोटोही पाहिले. मढीच्या वाटेवरच्या वस्तीतल्या आजीकडून शंभराच्या नोटेवर मूठभर शिवराया, ती जुनी तांब्याची नाणी, घेतल्यास. बहुतेक सगळ्या नंतरच्या, दुदांडी प्रकारच्या निघाल्या, पण एक त्याहून जुन्या वळणाची, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ सुबक वाचता येणारी. पुण्याचा डीलर तिला चांगले पैसे देतो म्हणतोय. आणि तू विचारतोस, डीलर रोज हेच करतात, त्यांना कोणी बोलत नाही, मग मी केलं तर काय बिघडलं?

आधी डीलरचंच बघू, कारण तुझ्या प्रश्नात त्याच्यावर थोडा राग आहे आणि थोडा हेवाही. डीलर हा दुकानदार आहे. गाळ्याचं भाडं, प्रदर्शनातल्या टेबलाचे पैसे, वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल, हे सगळं त्याला नफ्यातूनच काढायचं असतं. आजीने हीच नाणी मोडीत घातली असती तर तांब्याच्या भावाने वितळली असती. शिवराया अशा किती भट्टीत गेल्या याची गणतीच नाही. मोडीपेक्षा दोन पैसे जास्त देणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे पुष्कळ नाणी वाचली, हे संग्राहक कबूल करत नाहीत. शिवाय चांगला डीलर दिलेलं नाणं नकली निघालं तर वर्षानंतरही परत घेतो. किती संग्राहक घेतात? फसून घेतलेली नकली वस्तू गुपचूप दुसऱ्या नवशिक्याच्या गळ्यात मारून मोकळे होणारे मी पाहिलेत, आणि ते डीलर नव्हते. चांगले शिकलेसवरलेले, पदराला खार लागू न देणारे छांदिष्ट होते.

म्हणजे डीलर वाईट आणि छंदवाला सज्जन, अशी वाटणी डोक्यातून काढून टाक. मला खटकतं ते वेगळंच. तू आजीकडे गेलास तो तिसगावचा मुलगा म्हणून, जुन्या नाण्यांचा नाद असलेला पोरगा म्हणून. तिने डबा उघडला तो तुझ्यापुढे, व्यापाऱ्यापुढे नव्हे. आणि पुण्याला फोन लावताना तू व्यापारी झालास. डीलरच्या गळ्यात पाटी असते. त्याच्या दारात जाणाऱ्याला माहीत असतं की हा माणूस कमी देणार आणि जास्तीला विकणार. तो दोन ठिकाणी विचारतो, घासाघीस करतो. घेताना छंदाची ओळख आणि विकताना बाजाराचा भाव, असं दोन्ही वापरणाऱ्यापुढे समोरच्याला सावध व्हायची संधीच मिळत नाही.

आता तू म्हणशील, मागे नगरच्या प्रदर्शनात एका डीलरच्या ट्रेमधून तुम्ही निजामशाही तांब्याचं नाणं साध्या ढब्बू पैशाच्या भावाने उचललंत, ते कसं चाललं? उचललं, आणि मला त्याची टोचणी नाही. फारसी वाचणं हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. मुर्तजा आणि बुऱ्हाण निजामशाहांची नाणी याच मातीतली. ती ओळखायला तो आळसावला, मी नाही. त्याने भाव सांगितला, मी दिला. पण त्याने नाणं हातात ठेवून ‘साहेब, हे काय आहे, कितीचं असेल?’ असं विचारलं असतं, तर खरं सांगायला मी बांधील होतो. विचारणाऱ्याला चुकीचं सांगून नंतर त्याच्याकडून घेणं ही चोरीच, मग विचारणारा आजी असो की डीलर. तुझ्या आजीने विचारलं होतं का? पत्रात तेवढं लिहायचं राहिलंय.

त्या शिवराईबद्दलही एक सांगतो. डीलर ती ‘महाराजांच्या काळातली’ म्हणून विकेल. पण हाच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या काळातही चालू राहिला, आणि शिवराई इंग्रजी अमलातही बरीच वर्षं बाजारात चालत होती. अक्षरांचं वळण, वजन, भोवतीचे बिंदू हे सगळं पाहिल्याशिवाय काळ ठरत नाही. बाजारात प्रत्येक शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकाची असते! हे धडधडीत खोटं आहे असं डीलरला वाटतही नाही. गिऱ्हाईकाला ऐकायचं असतं ते तो बोलतो. तू मात्र तुझ्या पाकिटावर ‘काळ अनिश्चित’ असं लिहू शकतोस, कारण तुला ते उद्या विकायचं नाहीये. निदान नसावं.

सगळ्यात मोठा फरक मात्र ‘कुठे सापडलं’ या प्रश्नात आहे. गोदावरी-प्रवरेच्या काठी वाळू चाळणारे झारेकरी नाणी आणून देतात. डीलर ठिकाण सांगत नाही, कारण सांगितलं तर दुसरा तिथे पोचेल. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्यामुळे नाणं मुकं होतं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३,२५० नाण्यांचा. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी तो साठा अभ्यासून प्रसिद्ध केला म्हणून सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केल्याचा एवढा ठसठशीत पुरावा मिळाला. पहिल्याच व्यापाऱ्याने त्यातली चांगली शंभर निवडून बाकीची वितळवली असती तर? नाणी खरीच राहिली असती, पुरावा गेला असता.

आपल्याच जिल्ह्यातलं दायमाबाद घे. १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना तिथे काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडीसारखा रथ सापडला. सगळं मिळून ६० किलोंच्या वर. भंगारात गेलं नाही, हे आपलं नशीब. पण मातीच्या कोणत्या थरात होतं याची नोंद वेळेवर झाली नाही, म्हणून ते उत्तर हडप्पा काळातलं की बरंच नंतरचं, यावर विद्वानांनी वाद घातला. थर गेला की एवढी मोठी वस्तूही आपलं वय सांगू शकत नाही. शिवराई काय सांगणार!

म्हणून घेतलेल्या प्रत्येक नाण्याला कागदाचं पाकीट कर आणि त्यावर गाव, शिवार, तारीख, दिलेली रक्कम लिही. देणाऱ्याचं नाव त्याची ना नसेल तरच. चिंच-लिंबू लावून घासू नकोस. चकचकीत तांबं डीलरच्या काचेत शोभतं, पण घासताना काठाची अक्षरं जातात.

नांगरताना नाण्यांचं मडकं लागलं असं कोणी सांगत आलं तर तू घेऊ नकोस. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांवरच्या किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. कळवलं नाही तर सापडवणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होते. मालक कोणी निघाला नाही आणि दोघांत काही ठरलेलं नसलं तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. मात्र सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग, एवढ्यावर ते घेऊ शकतं. सातवाहन नाण्याला चांदीचा भाव! असला कद्रू कायदा असल्यावर शेतकरी रात्रीच डीलरला फोन करणार, यात नवल नाही. तरीही तू त्या वाटेला जाऊ नकोस. आजीचा डबा वेगळा. घरात पिढ्यान्‌पिढ्या पडलेली नाणी पुरलेलं धन होत नाहीत.

यात्रेत मिळणारी रामदरबार आणि हनुमानाची ‘१८१८ ची कंपनीची नाणी’ घेऊन आलास तर दारात उभा करणार नाही. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही. आणि जुन्या नोटेला लाखो देतो म्हणणाऱ्याचा फोन आला तर ठेवून दे. असली खरेदी-विक्री आपण करत नाही, असं रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं, तरी लोक कमिशन भरतातच.

राहिली ती एक शिवराई. पुण्याचा भाव आजीला सांग, आकड्यासकट. ती नाणं परत मागेल, निम्मे पैसे मागेल किंवा ‘राहू दे रे’ म्हणेल. जे म्हणेल ते कर, पण ‘राहू दे’ म्हणाली तर तिच्या मुलासमोर पुन्हा एकदा विचार. त्यानंतर विकायचं ठरलंच तर डीलरकडून पावती घे आणि पाकिटावरची नोंद त्याला दे. तो ती फाडेल बहुधा. एक प्रत माझ्याकडे पाठव, वहीत चिकटवून ठेवतो.

ताईला नमस्कार सांग. गुडघा दुखत असेल तर तिला मढीचा चढ चढू देऊ नकोस.

तुझा,
मामा