हैतीचा भूकंप आणि सुव्यवस्थेचा प्रश्न

कॅरिबियन समुद्रातील हैती हे पश्चिम गोलार्धातील सर्वांत गरीब राष्ट्र समजले जाते. १२ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी ४ वाजून ५३ मिनिटांनी तेथे ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर होते. हैती शासनाने मृतांची संख्या तीन लाखांवर सांगितली. अन्य अंदाज पुष्कळ कमी आहेत.

१९९३ साली किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा मुंबईतील शासनयंत्रणा शाबूत होती. हैतीत राजधानीच कोसळली. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, संसद व बहुतेक मंत्रालये जमीनदोस्त झाली. देशाचे सैन्य १९९५ मध्येच विसर्जित झालेले असल्याने भिस्त अल्पसंख्य पोलिसांवर व संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेवर होती. त्या मोहिमेचे मुख्यालयही ढासळले आणि प्रमुख हेदी अन्नाबी मृत्युमुखी पडले. राजधानीतील मुख्य कारागृहातून चार हजारांहून अधिक कैदी पळाले. त्यांत सिते सोलेई वस्तीतील टोळ्यांचे म्होरकेही होते.

लुटालुटीच्या वार्ता जगभर गेल्या. वस्तुतः पहिल्या दिवसांत ढिगारे उपसले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, हातांनी. हिंसाचार भूकंपापूर्वीपेक्षा कमीच आहे, असे अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनीही त्या वेळी सांगितले. भुकेल्या माणसाने पडक्या दुकानातून तांदूळ उचलणे आणि शस्त्रधारी टोळीने वस्ती लुटणे यांना एकाच शब्दात बसविणारे वार्ताहर थोडे नव्हते!

खरी झोंबाझोंबी होई ती शिधावाटपाच्या वेळी. वाहन दिसताच गर्दी उसळे, धट्टेकट्टे पुढे घुसत, म्हातारीकोतारी व लेकुरवाळ्या रिकाम्या हाताने परतत. जानेवारीअखेर जागतिक अन्न कार्यक्रमाने पद्धत बदलली. राजधानीत १६ ठिकाणे ठरवून दिली, कूपने आधी वाटली आणि २५ किलो तांदळाचे पोते केवळ स्त्रियांच्या हाती देण्याचा नियम केला. यादी व कूपन यांचे काम धान्याच्या गाडीपासून दूर, आधीच उरकल्याने गाडीभोवती बळाला वाव उरला नाही. वाटपाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना याचे मोल सांगावयास नको.

छावण्यांत मात्र अशी दक्षता दिसली नाही. सुमारे १५ लक्ष लोक ताडपत्र्यांखाली राहत होते. रात्री दिवे नाहीत, शौचालये दूर, दाराला कडी कोठून असणार? पहिल्या १५० दिवसांत बलात्काराच्या अडीचशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. ठाणे मोडलेले, पोलीस अपुरे आणि तक्रार करावी तर त्याच छावणीत पुन्हा राहावयाचे, अशी स्थिती होती. पीडित स्त्रियांच्या संघटनांनी मग स्वतःच शिट्ट्या व विजेऱ्या वाटून रात्रीच्या गस्ती सुरू केल्या.

ऑक्टोबर २०१० मध्ये पटकीची साथ उद्भवली. शांतिसैनिकांच्या तळावरील मैला नदीत गेल्याने ती पसरली, असे पुढे तपासात निष्पन्न झाले. सुमारे दहा हजार लोक दगावले. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी क्षमा मागितली ती २०१६ मध्ये. तोपर्यंत रक्षकांवरील विश्वास आटला होता.

शांतिसेना २०१७ मध्ये परतली. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली. पुढच्याच महिन्यात, १४ ऑगस्टला, दक्षिण द्वीपकल्पात ७.२ तीव्रतेचा भूकंप होऊन दोन हजारांवर माणसे गेली. राजधानीहून तिकडे जाणारा मुख्य रस्ता मार्तिसाँ येथे टोळ्यांच्या ताब्यात होता, आणि मदतीच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून त्यांच्याशी बोलणी करावी लागली.