घरच्या शाळेतील एक महिना : आश्विनाचा चंद्र

मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्यास अक्षरे यावीत, अंक यावेत, चार श्लोक मुखोद्गत व्हावेत, अशी इच्छा प्रत्येक घरात उत्पन्न होते. ही इच्छा योग्यच आहे. परंतु ती पूर्ण करण्याचा जो मार्ग आपण बहुधा अवलंबितो, तो मात्र विचार करण्याजोगा आहे. सकाळी पाटीवर एक ते शंभर, दुपारी मुळाक्षरे, सायंकाळी पाठांतर, असे सुटे तुकडे आपण मुलापुढे ठेवतो. या तुकड्यांचा एकमेकांशी संबंध काय, आणि आपल्या घराशी, अंगणाशी, आकाशाशी संबंध काय, हे त्यास कोणी दाखवीत नाही. म्हणूनच पंधरा तिथींची नावे एका दमात म्हणणारे मूल, ‘आज चंद्र कोठे दिसेल?’ असे विचारताच गोंधळते. त्यास नाव आले. वस्तू आली नाही.

यावर उपाय आहे, आणि तो खर्चाचा नाही. एक विषय निवडावा, तो तीन-चार आठवडे घरात नांदू द्यावा, आणि वाचन, लेखन, गणित, निसर्गज्ञान, हस्तकला हे सर्व त्या एका विषयातून निघू द्यावे. शिक्षणशास्त्रात यास समवाय पद्धती म्हणतात. मुख्य अट एकच : मुलाने ऐकण्यापेक्षा हाताने अधिक करावे.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी खेळातून शिक्षणाची संस्था काढली; तिलाच पुढे बालोद्यान अर्थात किंडरगार्टन हे नाव मिळाले. अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीचा पुरस्कार केला. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर सुरू केले. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याचा आग्रह धरला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, पाने, शिंपले, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंनाच शिक्षणसाधने केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ, कृती व घरची भाषा यांवर भर दिला आहे.

घरची भाषा हा मुद्दा आपणास विशेष जिव्हाळ्याचा आहे. आपल्या मुलांची शाळा कोठे कन्नडात, कोठे गुजरातीत, कोठे हिंदीत, कोठे तेलुगूत आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीत भरते. त्या भाषा मुलांनी उत्तम शिकाव्यात. परंतु त्यामुळे मराठी ‘ये, जेव, झोप’ एवढ्यापुरती उरते, हे आपण डोळ्यांनी पाहत आहोत. ज्या भाषेत मुलाने ‘असे का होते?’ हा प्रश्न कधी विचारला नाही, त्या भाषेत ते मोठेपणी विचार करणार नाही. केवळ मराठीचे धडे वाचून घेण्याने हे साधणार नाही. मराठीतून काही शोधावे, मोजावे, करून पाहावे, तेव्हा भाषा अंगी मुरते. जी थोडी कुटुंबे मुलांना घरीच शिकवितात त्यांना, आणि ज्यांची मुले शाळेत जातात त्यांनाही, रोज अर्धा तास पुरेल असा एक महिन्याचा अभ्यास पुढे दिला आहे. विषय आहे चंद्र, आणि महिना आश्विन.

हाच महिना का?

आश्विनात पाऊस सरलेला वा सरत आलेला असतो, आणि आकाश बहुधा निवळते. शिवाय या महिन्यातील सण जणू चंद्राच्या कलांवर ओवलेले आहेत. शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना, दशमीस दसरा, पौर्णिमेस कोजागरी, वद्य चतुर्थीस संकष्टी, द्वादशीस वसुबारस, त्रयोदशीस धनत्रयोदशी, चतुर्दशीस अभ्यंगस्नान आणि अमावास्येस लक्ष्मीपूजन. सणांचे हे दिवस मुलाला आधीच प्रिय असतात. त्यांच्या मधला धागा तेवढा दाखवावयाचा असतो.

साहित्य असे : एक पंचांग, एक वही, पांढरा व काळा खडू, दोन वाट्या, तीस चिंचोके, एक चेंडू, एक नारळ, एक लहान लिंबू व सुतळी. बाजारातून काही आणावे लागू नये.

शुद्ध पक्ष

प्रतिपदेच्या दिवशी मुलाकडून एका वाटीत एक चिंचोका टाकवून घ्यावा. रोज एक चिंचोका वाढवावा व तिथीचे नाव उच्चारावे. पंधरा झाल्यावर दुसरी वाटी घ्यावी. चार वर्षांच्या मुलाचे अंकज्ञान एवढ्याने होते. सहा वर्षांचे मूल पंधरा आणि पंधरा मिळून तीस, हे स्वतः सांगते.

द्वितीयेस वा तृतीयेस सूर्यास्तानंतर पश्चिमेस चंद्रकोर शोधावी. ती क्षितिजालगत असते, म्हणून गच्ची वा मोकळे मैदान बरे. मुलाने जशी दिसेल तशी कोर वहीत काढावी. आपण चित्र काढून दाखवू नये. मुलाची कोर उलटी झाली तरी लगेच खोडू नये. दुसऱ्या दिवशी वही आकाशासमोर धरून ‘जुळते का?’ एवढेच विचारावे. अष्टमीच्या सुमारास सूर्य मावळताना अर्धचंद्र दक्षिणेकडे दिसेल, आणि पौर्णिमेस सूर्य पश्चिमेस बुडत असता पूर्ण बिंब पूर्वेस उगवेल. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे मुलाने वहीत वेळ लिहून स्वतः ताडावे.

घटाभोवती पेरलेले धान्य हा याच नऊ दिवसांतील दुसरा पाठ. अंकुर जेवढा वाढेल तेवढी कागदाची पट्टी रोज कापून भिंतीवर ओळीने चिकटवावी. नऊ पट्ट्यांचा चढता जिना तयार होतो. थोडे धान्य निराळ्या वाटीत पेरून उन्हात ठेवावे. देवघराच्या मंद उजेडातील अंकुर पिवळसर आणि उन्हातील हिरवे का, हा प्रश्न मूल आपण होऊन विचारील.

कोजागरीस मसाला दूध करताना बदाम मोजण्याचे काम मुलास द्यावे. घरात सहा माणसे आणि प्रत्येकी दोन बदाम, तर किती? दूध आटण्यापूर्वी व आटल्यावर पातेल्यात पळी उभी धरून खूण करावी. किती दूध कमी झाले आणि ते कोठे गेले, यावर वाफेचा सुंदर पाठ होतो.

चेंडू आणि दिवा

कला का होतात, हे सांगून समजत नाही, करून समजते. पौर्णिमेनंतरच्या एखाद्या संध्याकाळी खोली अंधारी करून एकच दिवा मुलाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. दिवा म्हणजे सूर्य, मुलाचे डोके म्हणजे पृथ्वी, हातातील चेंडू म्हणजे चंद्र. मुलाने चेंडू हात लांब करून डोक्याहून किंचित वर धरावा आणि दिव्याकडे तोंड करून उभे राहावे. चेंडूची दिसणारी बाजू काळोखी असेल : ही अमावास्या. मग हळूहळू डावीकडे वळावे. चेंडूच्या उजव्या कडेस प्रकाशाची कोर उमटते, पुढे अर्धा चेंडू उजळतो, आणि दिव्याकडे पाठ होताच सगळा उजळतो : ही पौर्णिमा. तसेच वळत राहिले की प्रकाश डाव्या कडेस सरकून नाहीसा होतो : हा वद्य पक्ष.

येथे एक गैरसमज पालकांनीच दूर करावयास हवा. पृथ्वीची सावली पडून कला होतात, असे पुष्कळ सुशिक्षितही मानतात. ते खरे नव्हे. चंद्राचा अर्धा भाग सूर्याकडून सदैव उजळलेला असतो. त्यातील किती आपणाकडे वळलेला आहे, त्यावर कला ठरते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणात. चेंडू डोक्याच्या नेमका मागे खाली आणला तर तेही दिसते. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेस ग्रहण होत नाही.

अंतराचा खेळही असाच करावा. सोललेला नारळ म्हणजे पृथ्वी मानली तर लहान लिंबू म्हणजे चंद्र. दोहोंमध्ये किती अंतर ठेवावे, असे घरातील सर्वांस विचारावे. बहुतेक जण वीतभर सांगतील. खरे माप नारळाच्या व्यासाच्या तीसपट, म्हणजे सुमारे बारा फूट. सुतळी मोजून लिंबू खोलीच्या दुसऱ्या टोकास ठेवावे. ३,८४,४०० किलोमीटर हा आकडा मुलाच्या लक्षात राहणार नाही. ती सुतळी राहील. भारताचे चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, ही गोष्ट सुतळीवर बोट फिरवीत सांगावी.

चंद्रावरील डागांविषयी व खळग्यांविषयी प्रश्न येईल. ताटात कोरडे पीठ पसरून त्यात खडे टाकावेत. खडा जेवढ्या उंचीवरून पडेल तसा खळगा बदलतो. चंद्रावर वारा-पाऊस नसल्यामुळे असे खळगे टिकून राहिले. पृथ्वीवरही ते होतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच आघाताने झाले आहे.

वद्य पक्ष

संकष्टीचा चंद्रोदय पंचांगात पाहून मुलाने घड्याळ घेऊन बसावे. दूरच्या गावी असलेल्या आत्या-मावशींना दूरध्वनी करून ‘तुमचा चंद्र दिसला का?’ असे विचारावे. आश्विनातील संकष्टीस हैदराबादेस पणजीपेक्षा सुमारे वीस-पंचवीस मिनिटे आधी चंद्र दिसतो, कारण हैदराबाद पूर्वेस आहे. भूगोलाचा याहून जिवंत पाठ कोणता? याच रात्री इंदूर-ग्वाल्हेरकडील शेजारणी चाळणीतून चंद्र पाहतात, हेही मुलाने पाहावे.

वद्य अष्टमीस चंद्र मध्यरात्री उगवतो, तेव्हा सकाळी शाळेस जाताना फिकट चंद्र दिसेल. चंद्र दिवसाही दिसतो, हा अनेक मुलांना मोठाच शोध वाटतो. नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नानासाठी मुले पहाटे उठतातच. हे स्नान चंद्रोदयाच्या वेळी करण्याची रीत आहे. पूर्वेस मोकळी जागा असेल तर उजाडण्यापूर्वी अत्यंत बारीक कोर दिसते. द्वितीयेची कोर आणि ही कोर, दोन्ही वहीत समोरासमोर ठेवाव्यात. त्यांची तोंडे विरुद्ध का, याचे उत्तर मूल चेंडू हातात घेऊन देईल.

समुद्राजवळ राहणाऱ्या गोव्यातील कुटुंबांनी भरती-ओहोटीही पाहावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती व अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते. मोठ्या माणसाने सोबत राहून दुरून खडकावरील पाण्याची रेघ दाखवावी.

शेजाऱ्याची दिवाळी

आमचे घर पुजाऱ्याचे असल्यामुळे वडील रोज सकाळी पंचांग वाचतात, आणि लोक नेहमी विचारतात की उत्तरेकडील मंडळींचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस कसा लागतो. मोठ्या मुलांस या महिन्यात हे सहज समजेल. आपला महिना अमावास्येस संपतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदीभाषिकांचा पौर्णिमेस संपतो. म्हणून आपली दिवाळी आश्विन अमावास्येस येते आणि त्यांची कार्तिक अमावास्येस, परंतु पणती एकाच रात्री लागते. वडोदऱ्यात गुजराती शेजाऱ्यांचा महिना आपल्यासारखाच, पण त्यांचे नवे वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, आपले चैत्रात. चंद्र एकच, मोजण्याच्या रीती अनेक. ज्या मुलाने तीस चिंचोके हाताने मोजले, ते शेजाऱ्याच्या रीतीस चूक म्हणणार नाही. अनेक भाषांच्या शेजारात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे ज्ञान पाठांतराहून मोलाचे आहे.

पंचांगात एखादी तिथी गाळलेली वा दोनदा आलेली दिसेल. सूर्य-चंद्रांतील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते. त्यास कधी सुमारे एकोणीस तास लागतात, कधी सव्वीस. दिवसाला सूर्योदयाची तिथी मिळते, म्हणून क्षय व वृद्धी होते. आठ वर्षांच्या मुलास एवढे पुरे.

पालकांसाठी दक्षता

अभ्यास अर्ध्या तासाहून लांबवू नये. परीक्षा घेऊ नये. महिन्याच्या शेवटी मुलाने आपली वही आजी-आजोबांस समजावून सांगावी, हीच परीक्षा. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर ‘आपण पाहू या’ म्हणावे, आणि खरोखरच पाहावे. ढगाळ रात्री वहीत ढगच काढावेत. न दिसलेला चंद्र काढू देऊ नये. प्रामाणिक निरीक्षणाचा हा पहिला धडा होय. दिसेल त्यास मराठी शब्द द्यावा : कोर, खळे, बिंब, चांदणे, पुनव, अवस, उधाण. शब्द वस्तूसमोर मिळाला की तो पुन्हा पाठ करावा लागत नाही.

एक महिना पार पडल्यावर पुढचे विषय घरातच सापडतील : नारळ, तांदूळ, तीळ, माती, पाऊस. येत्या आश्विनात प्रत्येक घराने हा प्रयोग करून पाहावा आणि मुलांच्या वह्या दिवाळीनंतर मंदिरात आणाव्यात. सभामंडपात त्या मांडून ठेवू, म्हणजे एका घरच्या मुलाने काय पाहिले ते दुसऱ्या घरच्या मुलास मराठीतून विचारता येईल.